नांगराची मूठ धरणारा मास्तर

नृसिंहवाडीत येणारा भाविक दत्ताच्या पादुकांचे दर्शन घेतो, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो आणि परतीची गाडी धरतो. या गावाच्या आसपासची मुले शाळेत कोणती बोली घेऊन जातात, हे त्याला कळायचे कारण नाही. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड, कृष्णेपलीकडे औरवाड, आणखी थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द. शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजी कन्नडमध्ये बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. उसाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातल्या तोडणी टोळ्या पाले ठोकतात. जवळच्या इचलकरंजीत यंत्रमागांवर उत्तर भारतातून आलेली कुटुंबे राबतात. त्यांची मुले घरात हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. पंचगंगेच्या या खोऱ्यातल्या गावशाळांपासून शहरी शाळांपर्यंत एकाच वर्गात इतकी घरे येऊन बसतात. त्यांच्यासमोर उभा राहणारा शिक्षक कोणत्या घरातून आलेला असावा?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत आणि शेतकऱ्याच्या मुलांशी त्यांचे मन जुळत नाही, ही त्यातली तक्रार सर्वांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचित वाचला जातो. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, अशी फुल्यांची मागणी होती. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, असेही त्यांनी लिहिले. शिक्षक कोणत्या समाजातून घ्यायचा आणि तो टिकावा म्हणून त्याला काय द्यायचे, या दोन गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात मांडल्या. पुढच्या जवळजवळ दीडशे वर्षांत आपण त्या वेगळ्या केल्या आणि दोन्हींकडे अर्धवट पाहिले.

फुल्यांमागे अनुभव होता. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. मुलींची शाळा चालवायची तर आधी शिक्षिका घडवावी लागते, हे त्या घराला वेळीच उमगले होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच प्रश्नाला वसतिगृहांच्या वाटेने हात घातला. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. 1902 च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. निर्णय योग्यच होता. पण बाकावरची मुले बदलली की फळ्यापाशी उभा असलेला माणूसही बदलावा लागतो, आणि ते काम हुकमाने एका दिवसात होत नाही.

याकडे दुर्लक्ष केल्याची अमेरिकेने फार मोठी किंमत मोजली. 1954 मध्ये ब्राऊन खटल्याच्या निकालाने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरल्या. कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळांत जाऊ लागली आणि दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. सेथ गर्शेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास सांगतो की तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेल्या अतिगरीब कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता 39 टक्क्यांनी घटते. एका शिक्षकाने एवढा फरक पडतो.

महाराष्ट्रात असे शिक्षक घडवण्याचे काम चिकाटीने केले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. त्यांचा जन्म 1887 चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, म्हणजे नृसिंहवाडीच्या शेजारच्याच तालुक्यातला. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 मध्ये साताऱ्याचे वसतिगृह, आणि 1935 मध्ये तिथेच शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज. हा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या जातींची मुले आधी एका पंगतीत जेवली, स्वतःच्या श्रमावर शिकली आणि त्यांतलेच अनेक जण मास्तर होऊन खेड्यांत गेले. विविध शिक्षक हवेत म्हणून त्यांनी जाहिरात देऊन वाट पाहिली नाही. बारा-चौदा वर्षांच्या पोरापासून सुरुवात केली.

आज निवड कशी होते? डी.एल.एड. किंवा बी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल. आरक्षणामुळे शिक्षकांच्या खोलीतली माणसे खूप बदलली आहेत आणि हे यश मोठे आहे. वशिल्याला लगाम घालायला केंद्रीय परीक्षा हवीच. तरीही समोरच्या मुलाच्या घरची कन्नड किंवा भोजपुरी कळणे, ही पात्रता तिथे कोणी मोजत नाही.

टिकवण्याचे चित्र अधिक खिन्न करणारे आहे. 2000 पासून नवा शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2022 अखेरपर्यंत महिन्याला सहा हजार रुपये मिळत. 2023 पासून सोळा हजार मिळतात. शहरात खोलीचे भाडे आणि जेवण यांतच ते संपतात. ज्याच्या घरी शेती किंवा दुसरा पगार आहे तो ही तीन वर्षे काढतो. पहिल्या पिढीत शिकलेल्या, घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलीला ती जड जातात, आणि वर्गाला सर्वाधिक गरज असते ती तिचीच. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्यांचे चक्र त्यात भर घालते: परजिल्ह्यातला शिक्षक इथली बोली शिकतो, पालकांची नावे पाठ होतात आणि गावाकडची बदली मिळते. त्याला दोष देता येणार नाही, त्याचेही आईवडील म्हातारे झालेले असतात.

 

1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. हजारो अनुभवी गुरुजी आणि बाई आता अभ्यासाला बसल्या आहेत. याच काळात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला कोल्हापुरात आणखी एक काम करता येईल: शिरोळ आणि इचलकरंजीतल्या दहावी-बारावीच्या द्विभाषिक मुलामुलींना हेरून, शिष्यवृत्ती देऊन अध्यापनाकडे वळवायचे आणि पहिली काही वर्षे त्यांना घराजवळची शाळा द्यायची. पगारही मग पहिल्या दिवसापासून पूर्ण द्यावा लागेल.