तांबडा कंधारी, ठिपक्यांचा देवणी

माळेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा चालू असेल तर बोलण्याकडे कान देऊ नये, हातांकडे बघावं. गिऱ्हाईक खालचा ओठ ओढून दात बघतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खांद्यावरून हात फिरवतो, वशिंडावर थाप मारतो, बैलाला चार पावलं चालवून खुरांवर नजर ठेवतो. शेवटी दोघांचे हात उपरण्याखाली जातात आणि बोटांच्या दाबावर किंमत ठरते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. दुसऱ्या दिवशी लातूरकडे येळवस, म्हणजे घरोघर आंबील-भज्जी आणि सगळा गाव रानात.

या बाजारात दोन जनावरं लगेच ओळखू येतात. लाल कंधारी अंगानं गडद तांबडा, वळू तर जवळजवळ तपकिरी. डोळ्यांभोवती काळं कडं, जणू कुणी काजळ घातलंय. कंधार, मुखेड, लोहा हा त्याचा मुलूख. देवणी अंगानं मोठा, कपाळ फुगीर, कान लोंबते. त्याच्यात तीन रंग. पांढरा तो बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा. लातूरच्या देवणी-उदगीरपासून बिदरपर्यंत त्याची वस्ती. त्याचं एक जुनं नाव ‘डोंगरपट्टी’, आणि मला हेच नाव जास्त खरं वाटतं, कारण जनावर मुलखानंच घडतं.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला लामा बघा. उंटाच्या कुळातला हा प्राणी साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, विरळ हवेत, पंचवीस-तीस किलो ओझं घेऊन चालतो, कारण त्याचं रक्त त्या हवेतूनही प्राणवायू खेचून घेतं. ओझं जास्त झालं की खाली बसतो, अंगावर थुंकतो, पण उठत नाही. लोकर, मांस, चामडं, लेंड्यांचं जळण, सगळं त्याच्यापासून. अँडीजच्या लोकांना जे लामा, ते आपल्याला ही दोन जनावरं: औताला, गाडीला, दुधाला, खताला आणि गोवऱ्यांना.

दुधाचा विषय निघाला की लोक नाक मुरडतात. लाल कंधारी गाय एका वेताला साधारण सहाशे लिटर देते, देवणी त्याहून जास्त, आणि संकरित गाय या दोघींनाही मागं टाकते. पण याचं कारण समजून घ्यायला हवं. जास्त दुधाला जास्त खाणं लागतं, आणि खाल्लेलं पचवताना अंगात जास्त उष्णता तयार होते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ती बाहेर टाकायची कुठून? संकरित गाय सावलीतही धापा टाकते. आपल्या गाईची गळ्याखालची पोळी आणि सैल कातडी म्हणजे उष्णता बाहेर सोडायला मिळालेली जास्तीची जागा, आणि तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीही भरपूर. थोडं खायचं, थोडं दूध द्यायचं आणि उन्हात उभं राहायचं, हा तिच्या शरीराचा हिशेब आहे. त्याला दोष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग गोठे रिकामे का झाले? ट्रॅक्टर आला हे खरं, पण माझ्या मते मोठा घाव कडब्याच्या बाजूनं बसला. रानात ज्वारी होती तोवर दाणे माणसाला आणि ताटं जनावराला, अशी वाटणी होती. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. त्याची गुळी ज्वारीच्या कडब्याची जागा घेत नाही. जनावर ती आवडीनं खात नाही. कडबा विकत आणायची पाळी आली की बैलजोडी परवडत नाही. त्यात 2016 सारखं वर्ष येतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला माणसांसाठीच पाणी आणावं लागलं. जनावरांची गत वेगळी सांगायला नको.

आणि बैल गेला की वळू जातो. हे नुकसान पटकन दिसत नाही. गावात जातिवंत वळू नसला की गाय मिळेल त्याला दाखवली जाते, आणि दोन-तीन पिढ्यांत कंधारीचा तांबडा फिका पडतो, शेवऱ्याचे ठिपके विरतात. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृत्रिम रेतनाची सोय आहे. पण रेतमात्रा ज्या वळूची घ्यायची, तो आधी कुणाच्या तरी दावणीला जन्मावा लागतो. त्याची आई दावणीला टिकते ती तिच्या गोऱ्ह्यांना रानात काम असेल तरच. सोयाबीनच्या ओळींतून कोळपं नेण्याचं काम अजून मध्यम अंगाची जोडी फार नेटकं करते, ओळीतलं रोप न तुडवता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. जू घासून घट्टे पडलेल्या खांद्यावर लोणी आणि हळद चोळतात. घट्ट्याची राठ कातडी बोटाखाली हळूहळू मऊ होत जाते, आणि बैल मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून उभा राहतो.