आगीच्या माथी मारलेला बोलपट

संगीत नाटक शिकवता शिकवता बोलपटावर घसरणे ही माझी जुनी खोड. आमच्या अहिल्यानगरच्या (जिभेवर अजून नगरच आहे!) वर्गात मी 'आलम आरा'ची कहाणी दरवर्षी रंगवून सांगे. अर्देशिर इराणींचा हा भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. मास्टर विठ्ठल नायक, जुबेदा नायिका, गाणी सात. "आणि त्याची शेवटची प्रत," यंदाही मी आवाज खाली आणून म्हणालो, "२००३ साली पुण्याच्या आगीत जळाली!"

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, ती तिथं नव्हतीच."

घरी येऊन शोधले. मुलीचेच खरे होते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात आग लागली, जुन्या नायट्रेट फितींची शेकडो रिळे गेली, इथवर सारे खरे. पण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली, 'आलम आरा' लागल्यानंतर तेहेतीस वर्षांनी. संग्रह ज्यांनी उभा केला ते पी. के. नायर सांगत, की हा बोलपट संग्रहालयात कधी आलाच नाही.

नायट्रेट फीत चटकन पेटते, दमट हवेत आपोआप कुजतेही. शिवाय तिच्या लेपात चांदी असते. त्यामुळे खेळ संपलेली कितीतरी रिळे मालकांनीच चांदीसाठी विकली. पण चांदीच्या मोलाने मोडीत गेलेल्या रिळांची गोष्ट कोण सांगणार? आगीची गोष्ट कशी भडक, म्हणून ती मोबाइलवरून घरोघर फिरते. मीही ती न पडताळता वर्षानुवर्षे सांगितली.

याउलट १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आजही पाहायला मिळतो. कुणीतरी तो सांभाळला, एवढेच.

आता घरचे सांगतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. "घर बदलताना हरवली," असे आमच्याकडे सगळे म्हणतात. मीही म्हणतो. खरे असे, की बाराव्या वर्षी मी तिच्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. आजी वारली, तेव्हाही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दोन्ही चुका कबूल केल्या.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक निघेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आत काय आहे, तेवढे बघा.