पडद्यावरचा ईशान्य भारत आणि राजधानीतला माणूस

२९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीच्या लाजपत नगर बाजारात निडो तानिया या अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या केसांची आणि चेहरेपट्टीची टिंगल झाली. टिंगलीतून बाचाबाची आणि बाचाबाचीतून मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील अरुणाचलमध्ये आमदार होते. राजधानीत निदर्शने झाली आणि केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. ज्यांनी त्याची टिंगल केली, त्यांना त्याचे नाव-गाव ठाऊक नव्हते. तो कसा असणार, याविषयीचे मत मात्र आधीच तयार होते. हे तयार मत आले कोठून, हा प्रश्न कायदा-सुव्यवस्थेच्या चर्चेत मागे पडला.

कोहिमा, ऐझॉल किंवा इंफाळ प्रत्यक्ष पाहिलेला दिल्लीकर विरळाच. शालेय पाठ्यपुस्तकांतून या प्रदेशाचा इतिहास जवळजवळ अनुपस्थित राहिला. प्रत्यक्ष अनुभव नाही आणि शिक्षणही नाही, अशा ठिकाणी माणसाचे मत चित्रपट आणि बातम्या घडवतात. ईशान्य भारताबाबत या दोन्ही माध्यमांनी जे घडवले, त्याचा हिशेब म्हणूनच मांडावा लागतो.

प्रथम चित्रपट. सिक्कीममध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले डॅनी डेन्झोंग्पा हे हिंदी पडद्यावरील बलाढ्य अभिनेते. ‘धर्मात्मा’ (१९७५) आणि ‘खुदा गवाह’ (१९९२) या चित्रपटांत त्यांनी अफगाण व्यक्तिरेखा रंगवल्या. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) ते ‘कांचा चीना’ नावाचे खलनायक झाले. त्यांच्या अभिनयगुणांचा गौरव झाला, पण गंगटोकचा शिक्षक किंवा दिल्लीतला सिक्कीमी कारकून अशी साधी भूमिका हिंदी चित्रपटाने त्यांच्यासाठी क्वचितच लिहिली. उलट बाजूने पाहावे तर मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका प्रियांका चोप्रा यांच्याकडे गेली. निर्मात्याचे गणित समजण्यासारखे आहे, कारण भांडवल तारांकित नावावर उभे राहते. परंतु त्या गणिताचा अर्थ असा झाला की, मणिपुरी स्त्रीचे कर्तृत्व देशाला हवे होते, तिचा चेहरा मात्र नको होता. हा चित्रपट २०१४ सालचा, म्हणजे निडो तानियाच्या मृत्यूच्याच वर्षातला, हा योगायोग बोलका आहे.

अपवाद होते. ‘चक दे! इंडिया’ने (२००७) मणिपूर आणि मिझोरामच्या दोन खेळाडूंना आपल्याच देशात परके समजले जाण्याचा प्रसंग स्पष्टपणे दाखवला. निकोलस खारकोंगोर यांच्या ‘आखुनी’ने (प्रदर्शन २०२०) हुमायूंपुरातील भाड्याच्या घरात सोयाबीन आंबवून केलेला नागा पदार्थ शिजवताना उडणारी धांदल रंगवली. त्यातील विनोदाला वास्तवाचा आधार होता. दिल्ली पोलिसांनी २००७ साली ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचना-पुस्तिकेत उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांत गोंधळ न होऊ देता शिजवावेत आणि पेहराव स्थानिक रीतीला धरून असावा, असा सल्ला होता. पुस्तिकेचा हेतू संरक्षणाचा असेल. पण ज्यांना त्रास होतो त्यांनीच बदलावे, ही तिची भूमिका होती. समाजात रूढ झालेले चित्र शासकीय भाषेत कसे उतरते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

बातम्यांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. दिल्लीहून चालणाऱ्या वाहिन्यांना आठ राज्यांचा हा प्रदेश मुख्यतः दोन रूपांत दिसला: प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात पिसांचा मुकुट घालून नाचणारा आणि जंगलात बंदूक घेऊन फिरणारा. या दोहोंच्या मध्ये असलेला प्राध्यापक, परिचारिका, बँक कर्मचारी किंवा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार बातमीत आलाच नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात इंफाळजवळील मालोम येथे दहा नागरिक मारले गेल्यानंतर इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याविरुद्ध उपोषण आरंभले. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे रामलीला मैदानावर बसले, तेव्हा शर्मिला यांच्या उपोषणाला पावणेअकरा वर्षे होत आली होती. अण्णांच्या उपोषणाचे जवळजवळ अखंड थेट प्रक्षेपण झाले आणि संसदेला शनिवारी बसून चर्चा करावी लागली. राळेगणच्या नेत्याचे आंदोलन त्यामुळे उणे ठरत नाही. तथापि शर्मिला यांना नाकात नळी असलेल्या छायाचित्रापलीकडे फारशी जागा मिळाली नाही, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी उपोषण सोडले तेव्हाही तो कायदा कायम होता. कॅमेरा जेथे पोहोचतो तेथे राजकीय दबाव निर्माण होतो. जेथे तो पोहोचत नाही तेथे सोळा वर्षांचा आग्रहही स्थानिक प्रश्न ठरतो.

चित्रांचा दुसरा, अधिक घातक उपयोग २०१२ साली दिसला. जुलैमध्ये आसामच्या कोक्राझार परिसरात हिंसाचार उसळला. त्यानंतर भलत्याच ठिकाणची छायाचित्रे आसामची म्हणून फिरवली गेली. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेध सभेला हिंसक वळण लागले, त्यात प्रसारमाध्यमांची वाहनेही जाळण्यात आली. पाठोपाठ ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार, अशा संदेशांनी बेंगळुरू आणि पुणे येथून हजारो तरुणांनी गुवाहाटीची गाडी पकडली. सरकारने एकगठ्ठा लघुसंदेशांवर बंदी घातली आणि दिवसाला पाच संदेशांची मर्यादा लावली. बोडो, मणिपुरी, नागा आणि मिझो यांत भेद न करणारी दृष्टी या घबराटीच्या मुळाशी होती. कोक्राझारचा राग पुण्यातील मणिपुरी विद्यार्थ्यावर निघू शकतो, असे त्याला स्वतःलाच वाटले. कारण आपला चेहरा येथे कसा वाचला जातो, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

२०२० च्या मार्चमध्ये हीच दृष्टी पुन्हा उघडी पडली. विषाणूला चीनचा चेहरा मिळताच दिल्लीसह अनेक शहरांत ईशान्येकडील नागरिकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवून कारवाईस सांगावे लागले. मणिपुरात ३ मे २०२३ रोजी भडकलेला हिंसाचार मात्र राजधानीच्या पडद्यावर फार काळ दुय्यम राहिला. ४ मे रोजी दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली. तिची चित्रफीत १९ जुलैला पसरली, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी भाष्य केले व सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. इंटरनेटबंदी हे विलंबाचे एक कारण होते हे खरे. पण वार्ताहर पाठवण्यास इंटरनेट लागत नाही. गुवाहाटीतील मोजक्या प्रतिनिधींवर आठ राज्ये सोपवण्याच्या पद्धतीची किंमत मणिपूरने मोजली.

या उपेक्षेला राजकीय अंकगणिताची जोड आहे. आठ राज्यांचे मिळून लोकसभेत २५ सदस्य; एकट्या महाराष्ट्राचे ४८. मते कमी आणि जाहिरातदाराच्या दृष्टीने ग्राहकही कमी, अशा प्रदेशाकडे दिल्लीचे लक्ष आपत्तीतच जाते. निडो तानिया प्रकरणानंतर नेमलेल्या एम. पी. बेझबरुआ समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला आणि वांशिक अवमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमे सुचवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘कर्मा दोरजी’ प्रकरणात देखरेख समिती नेमण्यास सांगितले. एनसीईआरटीने २०१७ साली ईशान्य भारतावर पूरक पुस्तक काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने वंशाच्या कारणावरून केलेल्या हत्येचा उल्लेख आला, परंतु समितीला अभिप्रेत असलेले अवमानाचे स्वतंत्र कलम आले नाही. म्हणजे वंशद्वेषाचा शेवट कायद्याला दिसला. त्याची सुरुवात, म्हणजे बाजारातली शिवी, बहुतांशी तक्रारदाराच्या चिकाटीवर सोडून दिली गेली.

मराठी माणसाने हा विषय दूरचा समजण्याचे कारण नाही. हिंदी चित्रपटाने त्याला वर्षानुवर्षे हवालदार आणि मराठी स्त्रीला धुणीभांडी करणारी बाई म्हणूनच अधिक दाखवले. ‘पडोसन’मधील (१९६८) मेहमूद यांच्या दाक्षिणात्य संगीत शिक्षकावर देश हसला, आणि ‘मद्रासी’ हा शब्द चार राज्यांना पुरला. २००८ साली रेल्वे भरती परीक्षेच्या उमेदवारांना मुंबई परिसरात मारहाण झाली, तेव्हा हिंदी वाहिन्यांनी एका पक्षाचे कृत्य साऱ्या समाजाच्या माथी मारल्याची तक्रार दिल्लीतील मराठी मंडळींनी केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र त्याच काळात ‘भय्या’ हा शब्द महाराष्ट्रात कसा वापरला जात होता, याचाही विचार त्या तक्रारीसोबत व्हायला हवा होता. फरक एवढाच की मराठीजवळ उत्तर देण्यासाठी स्वतःची वृत्तपत्रे, वाहिन्या आणि चित्रपटसृष्टी आहे, आणि दिल्लीच्या बसमध्ये त्याचा चेहरा त्याला परका ठरवत नाही.

राजधानीत अधिकारपदांवर असलेल्यांच्या हाती यातले बरेच काही आहे. तक्रार नोंदवताना ‘किरकोळ वाद’ असे लिहायचे की वांशिक शिवीगाळ झाली असे लिहायचे, हे ठाण्यातील माणूस ठरवतो. ईशान्य भारतावरील पुस्तक वर्गात शिकवले जाते की कपाटात राहते, हे शिक्षण खात्यातील माणूस पाहू शकतो. घर भाड्याने देताना आडनाव विचारायचे की नाही, हे तर कोणीही ठरवू शकतो. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी इंफाळ व ऐझॉलच्या बातम्या तेथील वार्ताहरांकडून, शांततेच्या काळातही घेतल्या, तर पुढच्या पिढीचे तयार मत निदान अधिक माहितीवर तयार होईल. तोवर लाजपत नगरच्या बाजारातील प्रश्न सुटला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.