सात जणांचा हंगाम

उल्हास नदीच्या काठावरच्या जांभूळमध्ये, शेजारच्या वसतमध्ये किंवा बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या गावात कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांनी हा खेळ मातीवर जपला. थंडी पडली की मैदानं आखली जातात, प्रकाशझोत लागतात आणि रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. इथला प्रेक्षक चढाईवर टाळ्या वाजवतो, पण गड्याची खरी पारख तो पकडीवरून करतो. पुणेरी पलटणचा प्रो कबड्डीतला दहावा हंगाम अशाच पारखी नजरेने पाहण्यासारखा होता. महाराष्ट्राच्या संघाने मॅटवर खेळलेला इतका भरीव हंगाम मला दुसरा आठवत नाही. २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून करंडक जिंकला, त्याचा अभिमान आहेच. पण पलटणच्या या हंगामाची बांधणी निराळी होती.

तिची सुरुवात आदल्या पराभवात आहे. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये नवव्या हंगामाची अंतिम लढत झाली आणि जयपूर पिंक पँथर्सने पलटणला ३३-२९ असं हरवलं. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे पलटणचे दोन्ही बिनीचे चढाईपटू त्या सामन्यात नव्हते. दोघेही आठव्या हंगामात नव्या, तरुण खेळाडूंच्या वाटेने संघात आले होते. अस्लम अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. वडील लवकर गेले, आईने कष्टाने घर चालवलं. दहाव्या हंगामात हाच पोरगा कर्णधार झाला, तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारे हे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. घाई न करणारा संघ त्यांना आवडतो, आणि तसाच त्यांनी घडवला.

मग आला ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ तारखेला भारत आणि इराण सुवर्णपदकासाठी भिडले. गुणफलक २८-२८ असताना एका चढाईच्या निकालावरून वाद पेटला, सामना तासभर थांबला आणि शेवटी भारताने ३३-२९ अशी बाजी मारली. भारतीय चमूत पलटणचे दोघे होते, अस्लम आणि आकाश शिंदे. समोरच्या इराणी संघात होता मोहम्मदरेझा शादलुई. पुढच्या काही दिवसांतच मुंबईत लिलाव झाला आणि पलटणने त्याच शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. परदेशी खेळाडूला लीगमध्ये एवढी किंमत तोवर कधीच मिळाली नव्हती. आदल्या हंगामात पलटणचा डावा कोपरा फझल अत्राचली या इराणी दिग्गजाने सांभाळला होता. तो गुजरातकडे गेला आणि त्याच्या जागी त्याचाच देशबांधव उभा राहिला.

कोपऱ्याच्या या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सात जणांच्या बचावात दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोन इन, मग दोन कव्हर आणि मध्ये सेंटर. चढाईपटूला ३० सेकंद मिळतात. बोनस रेषेकडे पाय टाकताना त्याचा तोल क्षणभर एका पायावर येतो आणि कोपरा चवडा धरतो तो त्याच क्षणी. पण चवडा धरणं हे अर्धंच काम असतं. शेजारचा गडी वेळेत झेपावला नाही, तर चढाईपटू कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि एका गुणाचे दोन-तीन गुण होतात. त्यामुळे धाडसी कोपरा भरवशाच्या साथीदारांशिवाय संघाला महागात पडतो. शादलुई धाडसी होताच. चढाईपटूने चूक करण्याची वाट न बघता तो स्वतःच पुढे येऊन अंगावर जातो. पलटणकडे त्याच्या धाडसाला जोड देणारी माणसं होती: उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. शादलुईने हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्यातला मोठा वाटा या तिघांचा, असं मी मानतो.

चढाईतही हीच वाटणी होती. हंगामात सर्वाधिक चढाईगुण मिळवले दिल्लीच्या आशू मलिकने. पलटणमध्ये भार अस्लम, मोहित, पंकज मोहिते आणि आकाश यांच्यात विभागलेला होता. एक बाद होऊन बाहेर बसला, तरी दुसरा त्याला उठवायला उभाच असायचा. अस्लम चढाईसोबत पकडही करायचा आणि हंगामाचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरला तो याच दुहेरी कामामुळे.

स्पर्धा २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत सुरू झाली आणि बारा शहरं फिरून पंचकुलात साखळी संपली. पलटणचा पहिलाच सामना गतविजेत्या जयपूरशी होता, आणि तो तिने ३७-३३ असा जिंकला. डिसेंबरच्या मध्यात बालेवाडीत घरचे सामने झाले, जानेवारीत मुंबईचा टप्पा आला. २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव आणि ९६ गुण. विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी फरकाच्या पराभवाला एक गुण मिळतो. हिशेब मांडला की दिसतं, दोन्ही पराभवांतूनही पलटणने एकेक गुण वाचवला होता. जवळजवळ तीन महिन्यांत या संघाला कुणीही मोठ्या फरकाने हरवू शकलं नाही. दुसऱ्या आलेल्या जयपूरचे ९२ गुण होते.

उपांत्य फेरीत शादलुईच्या जुन्या संघाला, पाटणा पायरेट्सला, पलटणने ३७-२१ असं सहज बाजूला केलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबोवलीत अंतिम सामना हरियाणा स्टीलर्सशी झाला. दोन्ही बाजूंचा बचाव एवढा घट्ट होता की गुण मोजूनमापून पडत होते. पूर्वार्धाच्या शेवटाकडे पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण उचलले. त्या चढाईने सामन्याचा तोल पलटणकडे झुकला आणि मध्यंतराला १३-१० अशी आघाडी मिळाली. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच हरियाणावर लोण चढला. हरियाणाने शेवटपर्यंत पाठलाग सोडला नाही, पण पलटणने २८-२५ असा सामना आणि पहिला करंडक जिंकला.

व्यावसायिक लीगमध्ये संघ टिकत नाहीत, हे त्यातलं खरं दुखणं. पुढच्या लिलावात शादलुई हरियाणाकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि पलटण बादफेरीपर्यंतही पोहोचली नाही. त्या हंगामाची अंतिम लढत २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत झाली, पलटणच्या घरात. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं आणि शादलुईने सलग दुसऱ्या वर्षी करंडक उचलला, फक्त जर्सी वेगळी होती. २०२५ मध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली, तेव्हा दबंग दिल्लीने तिला दिल्लीतच ३१-२८ असं हरवलं. याही वेळी फरक तीनच गुणांचा होता.