नजर आधी, ट्रॉली मागून



फलंदाज चेंडूवर सतत डोळा ठेवतो, असे आपण धरून चालतो. २००० साली लँड व मॅक्लिओड या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले. चेंडू सुटताना नजर चेंडूवर असते. मग टप्पा पडणार तिथे ती आधीच जाऊन थांबते. १९६८ साली स्टाइनबाख व हेल्ड यांना आढळले, की वस्तू आपल्याच हाताने हलत असेल तर नजर तिच्यामागे कमी रेंगाळते. हात डोळ्याला आगाऊ वर्दी देतो.

दुसऱ्याच्या गाडीची अशी वर्दी मिळत नाही. म्हणून उसाची ट्रॉली घेऊन हमरस्ता ओलांडताना ओझरते पाहून भागत नाही. येणाऱ्या गाडीवर नजर धरा, अंदाज पक्का झाला तरच निघा. आम्ही गटागटांत हेच सांगतो: दोन मिनिटांत ऊस वाळत नाही.