चित्रकार्डांतलं गाव (भाग ६) : कार्डावर न आलेलं बंदर

मागच्या भागात आपण जुन्या चित्रकार्डाची पाठ वाचली. पाठीवर फक्त पत्त्याला जागा आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला, तर कार्ड जुन्या पद्धतीचं. मधोमध रेघ आणि डावीकडे मजकुराची सोय, तर ते १९०२ नंतरचं. आज कार्ड उलटून चित्र पाहू.

उदाहरणाला मुंबईचं अपोलो बंदर घेऊ. ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं, गेटवेचं उद्घाटन १९२४ साली झालं. चालू हॉटेल दिसतंय आणि गेटवेचा पत्ता नाही, तर फोटो या दोन सालांमधला. शहरातल्या रस्त्याचं कार्ड असेल तर ट्राम शोधा. मुंबईत घोड्यांची ट्राम १९०५ पर्यंत धावली, विजेची १९०७ मध्ये आली. टपालाच्या शिक्क्यावर मात्र फार विसंबू नका. एकच फोटो वर्षानुवर्षं छापला जाई, त्यामुळे फोटो शिक्क्याच्या आधीचा, एवढंच त्यावरून कळतं. रंगांवरही भिस्त नको. पुष्कळ कार्डं जर्मनीत छापली जात आणि काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग तिकडेच चढत.

बंदरांचीच कार्डं इतकी का? कारण गिऱ्हाईक बोटीतून उतरत होतं. जिथे प्रवासी, तिथे फोटोवाला.

असं एक बंदर आपल्याकडेही व्हायचं होतं. प्राणहितेच्या काठावरचं सिरोंचा. जरा खाली ती गोदावरीला मिळते. १८६० साली अप्पर गोदावरी जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं बनलं. इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन यांच्या डोक्यात जलमार्ग होता : वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा नदीनदीने थेट काकिनाड्याच्या समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. त्यांना वळसा घालून कालवे काढायचे, दरवाजे बसवून बोटी चढवायच्या-उतरवायच्या, असा बेत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला होता, तेव्हा घाईही होती.

पण खर्च फुगत गेला आणि उन्हाळ्यात नदीला पाणी पुरेना. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. कापूस मुंबईच्या वाटेला लागला. १८७१ मध्ये जलमार्गाचं काम सोडून दिलं गेलं, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्यात गेलं. हिंदुस्थानातलं पहिलं साधं पोस्टकार्ड निघालं १८७९ साली आणि चित्रकार्डांचा बहर आला त्यानंतर वीसेक वर्षांनी. तोवर सिरोंचाचं बंदर कागदावरच मिटलं होतं. ज्या कापसाने सिरोंचाची पेठ वाढायची, त्याने मुंबईचा धक्का वाढवला, आणि कार्डावरही मुंबईच आली.

त्या दिवसांची एक खूण मात्र उरली. सिरोंचा तालुक्यात आजही ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव आहे. तेव्हाचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड यांचं नाव त्यात राहिलं आहे.

कार्डं नसली, तरी घरोघरी जुने फोटो असतील. म्हणून वाचकांना एक विनंती. सिरोंचा, अहेरी, चामोर्शी, चांद्याचा जटपुरा दरवाजा, कुठल्याही रस्त्याचा जुना फोटो घरच्या पेटीत असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या पाठीवर जागा आणि साल लिहून ठेवा. पेनाने नको, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने.