अवेळीचा घास

दिवस मावळला म्हणजे पाखरे घरट्याकडे परततात, गुरे गोठ्यात रवंथ करीत बसतात आणि काही वेळाने घरोघर निजानीज होते. उंदराचा दिवस मात्र तेव्हाच उगवतो. उंदीर हा निशाचर प्राणी होय. अंधारात हिंडावे, पोट भरावे आणि उजाडले की बिळात शिरून झोपावे, असा त्याचा नित्यक्रम असतो.

हा क्रम कोण राखतो? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तेच शरीराचे घड्याळ. डोळ्यांत शिरणारा उजेड हे घड्याळ रोज लावून देतो. १९७२ साली प्रयोगशाळेतील काही उंदरांच्या मेंदूतील हा पुंजका नष्ट करण्यात आला, तेव्हा त्यांच्या हिंडण्याफिरण्याला व पाणी पिण्याला काळवेळ उरली नाही.

मग घड्याळ शाबूत असून रात्रीचा काळोखच नाहीसा झाला तर? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला व २०१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांच्या एका गटाला रात्री पूर्ण अंधारात ठेवले. दुसऱ्या गटाजवळ रात्रभर मंद उजेड ठेवला. आठ आठवड्यांत दुसऱ्या गटाच्या वजनात झालेली वाढ पहिल्याच्या सुमारे दीडपट भरली. नवल असे की, दोन्ही गटांनी अन्न सारखेच खाल्ले होते आणि हालचालही सारखीच केली होती.

भेद होता तो खाण्याच्या वेळेत. अंधारात राहिलेले उंदीर आपल्या अन्नापैकी ३६.५ टक्के अन्न दिवसा खात. मंद उजेडातले उंदीर ५५.५ टक्के खात. विश्रांतीच्या वेळी त्यांचे तोंड चालू राही. हेच वजनवाढीचे कारण आहे काय, हे पाहण्यासाठी उजेड तसाच ठेवून अन्न केवळ रात्री देण्यात आले. तेव्हा त्यांचे वजन अधिक वाढले नाही.

माणूस दिवसा वावरणारा प्राणी आहे. म्हणून उंदरांविषयीचे निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु तसेच घड्याळ माणसाच्याही मेंदूत आहे आणि तेही उजेडावरच चालते. किती खावे याइतकाच केव्हा खावे हाही विचार महत्त्वाचा आहे, हे या लहानग्या प्राण्यांमुळे कळून आले. रात्री वेळेवर दिवा मालविण्याची जुनी सवय म्हणूनच मोलाची आहे.